थायरॉईडची गोळी आणि जिवाची घालमेल

"डॉक्टर, ही गोळी चालू केल्यापास्नं काळीज नुसतं धडधडायलंय बघा. हात कापायलेत. बंद करू काय?"

थायरॉईडच्या औषधावर असलेल्या रुग्णांकडून हा प्रश्न आमच्या शिरोलीच्या दवाखान्यात वरचेवर येतो. विचारणाऱ्यांत बायका जास्त असतात, पण एमआयडीसीतल्या फौंड्र्यांत काम करणारे पुरुषही असतात. काहीजण विचारतात, हे चांगलेच आहे. काहीजण विचारण्याआधीच गोळी बंद करून आलेले असतात. आणि काहीजण येतच नाहीत. सहा-आठ महिन्यांनी ते येतात तेव्हा चेहरा सुजलेला, आवाज घोगरा, वजन वाढलेले, पायऱ्या चढताना दम लागतो अशी त्यांची अवस्था असते. धडधड मात्र थांबलेली असते, कारण आता सगळे शरीरच मंदावलेले असते.

दुसऱ्या टोकाला असेही रुग्ण भेटतात, की ज्यांना खरोखरच गोळी जास्त होत असते. पण "थायरॉईडची गोळी जन्मभर घ्यायची असते" एवढे एकच वाक्य लक्षात ठेवून ते तीच गोळी, तेवढीच, वर्षानुवर्षे तपासणीशिवाय घेत राहतात. मग धडधडीला बी.पी. म्हणायचे, झोप नाही त्याला टेन्शन म्हणायचे, आणि घरातल्या वडीलधाऱ्यांनी लिंबू-नारळ उतरून टाकायचा, असे चालू राहते. लिंबू-नारळाने नुकसान होत नाही. त्यात जो वेळ जातो त्याने होते.

२०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत मुंबई आणि गोव्यासह देशातील आठ शहरांतल्या सुमारे ११ टक्के प्रौढांमध्ये थायरॉईड कमी काम करत असल्याचे आढळले होते. म्हणजे नऊ माणसांत एक. तेव्हा हा विषय आपल्या घरात नसला तरी शेजारच्या घरात नक्की असणार.

सुपरवायझरचा आवाज

थायरॉईड ही गळ्याच्या पुढच्या बाजूला असलेली, फुलपाखराच्या आकाराची लहानशी ग्रंथी. वजन जेमतेम १५ ते २० ग्रॅम. तिच्यातून पाझरणारे संप्रेरक रक्तातून शरीरभर जाते आणि प्रत्येक पेशीने किती वेगाने काम करायचे ते ठरवते. हृदयाचे ठोके, आतड्याची हालचाल, अंगातली ऊब, झोप, मनाची उभारी या साऱ्यांचा वेग या संप्रेरकावर अवलंबून असतो. आमच्या वसाहतीतल्या वाचकांना भट्टीच्या भाषेत सांगतो. इंडक्शन फर्नेसला पॉवर कमी दिली तर लोखंड वितळत नाही. गरजेपेक्षा जास्त देत राहिले तर लायनिंग खाल्ले जाते. थायरॉईडचेही तसेच आहे.

या ग्रंथीवर मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीची देखरेख असते. थायरॉईडकडून काम कमी झाले, की पिट्युटरी टी.एस.एच. नावाचे संप्रेरक जास्त सोडते. टी.एस.एच. म्हणजे सुपरवायझरचा आवाज समजा. कामगार सुस्तावला की आवाज चढतो, कामगार जोरात कामाला लागला की सुपरवायझर गप्प बसतो. म्हणून रक्ताच्या रिपोर्टात टी.एस.एच. वाढलेला असेल तर थायरॉईड कमी आहे, आणि टी.एस.एच. अगदी खाली गेला असेल तर थायरॉईड जास्त आहे, असा उलटा अर्थ घ्यायचा असतो. बहुतेक प्रयोगशाळांत साधारण ०.४ ते ४-५ हा आकडा योग्य मानतात.

हा उलटा हिशेब नीट न समजल्याने किती घोटाळा होतो याचे एक उदाहरण देतो. पंचेचाळिशीच्या एक बाई, ७५ मायक्रोग्रॅमच्या गोळीवर. शिबिरात रक्त तपासले तर टी.एस.एच. ०.०८ आला. रिपोर्टात आकड्यापुढे 'कमी' असा शेरा. घरातल्या शिकलेल्या मुलाने वाचून सांगितले, "आई, तुझं थायरॉईड कमी आलंय." झाले. बाईंनी आपल्या मनानेच दीड गोळी सुरू केली. महिन्याभराने त्या माझ्याकडे आल्या तेव्हा झोप उडालेली, दिवसातून तीन-चारदा शौचास, चपाती लाटताना हात थरथरतोय, आणि सारखे कोणीतरी मागे लागल्यासारखे वाटतेय. नाडी ११८. मुळात ७५ चीच गोळी त्यांना जास्त होत होती, त्यात हे अर्धे आणखी. डोस कमी केल्यावर दोन महिन्यांत बाई पूर्ववत झाल्या. रिपोर्ट वाचून गोळी कमी-जास्त करण्याचे काम घरी करू नये, ते यासाठी.

सुरुवातीची धडधड

गोळी नव्याने सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत थोडी धडधड, थोडी अस्वस्थता काहींना जाणवते. डोस जास्त नसतानाही जाणवते. ज्याचे शरीर दोन-तीन वर्षे बैलगाडीच्या चालीने चालले आहे त्याला एकदम एस.टी.त बसवल्यावर जसे होईल तसे हे असते. हृदय मंद गतीला सरावलेले असते. आता नाडी ५८ वरून ७६ वर आली, तर ७६ ही अगदी निरोगी नाडी असूनही त्या माणसाला ती छातीत जाणवते. हा त्रास सहसा दोन ते सहा आठवड्यांत आपोआप ओसरतो.

म्हणूनच साठीच्या पुढच्या माणसांना, आणि हृदयविकार असणाऱ्यांना, डॉक्टर १२.५ किंवा २५ मायक्रोग्रॅमपासून सुरुवात करतात आणि हळूहळू चढवतात. "एवढ्याशा गोळीनं काय होणार?" असे म्हणून कोणी स्वतःच दोन घेऊ नयेत. मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग. ५० मायक्रोग्रॅमच्या शंभर गोळ्यांच्या आख्ख्या बाटलीत औषध भरते फक्त ५ मिलीग्रॅम. इतक्या थोड्या औषधावर शरीराचा गाडा चालतो, तर त्यातला थोडासा फरकही थोडासा नसतो.

आणखी एक गोष्ट. हे औषध रक्तात फार सावकाश साठते आणि सावकाशच उतरते. आज घेतलेल्या गोळीतले निम्मे औषध साधारण सात दिवसांनीही अंगात असते. त्यामुळे आज गोळी घेतली आणि अर्ध्या तासात धडधडले, तर तो त्या एका गोळीचा दोष असण्याचा संभव कमी. आणि डोस जास्त झालेला असेल तर आज कमी केल्यावर उद्या बरे वाटेल अशीही अपेक्षा धरू नये. दोन-तीन आठवडे धीर धरावा लागतो. डोस बदलल्यानंतर टी.एस.एच.ची तपासणी सहा ते आठ आठवड्यांनी करायला सांगतात तेही याचमुळे. पंधरा दिवसांत केलेली तपासणी म्हणजे पैसे पाण्यात.

डोस जास्त होतो कसा?

डॉक्टरांनी लिहिलेला डोस आणि पोटातून रक्तात पोहोचणारा डोस या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हे एवढे समजले तर निम्म्या तक्रारींचा उलगडा होतो.

थायरॉईडची गोळी रिकाम्या पोटी, साध्या पाण्याबरोबर घ्यायची आणि त्यानंतर निदान अर्धा ते एक तास चहासुद्धा घ्यायचा नाही, असा नियम आहे. चहा-कॉफी, दूध, लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या, ॲसिडिटीची औषधे, सोयाबीनचे पदार्थ यांच्या संगतीने गोळी नीट शोषली जात नाही. आता आपल्याकडे सकाळचा पहिला चहा न घेता तासभर बसणे म्हणजे मोठी शिक्षा! मग गोळी चहाबरोबरच पोटात जाते. वर आशाताईंनी दिलेली लोहाची गोळीही त्याच वेळी. परिणामी औषध अर्धेमुर्धे वाया जाते, टी.एस.एच. चढलेलाच राहतो, आणि डॉक्टर डोस वाढवत जातात. ५० चे ७५, ७५ चे १००.

मग एक दिवस कोणीतरी सांगते, किंवा या रुग्णबाई असाच एखादा लेख वाचतात, आणि शहाण्यासारख्या रिकाम्या पोटी गोळी घ्यायला लागतात. किंवा लोहाचा कोर्स संपतो. आता तीच १०० ची गोळी पूर्ण अंगी लागते. काल कमी पडणारा डोस आज जास्त होतो. बाईंना वाटते, आपण तर नियम पाळायला लागलो आणि त्रास उलट सुरू झाला! माझ्या पाहण्यातल्या जास्त डोसच्या रुग्णांपैकी बऱ्याच जणांची गोष्ट थोड्याफार फरकाने हीच असते. म्हणून गोळी घेण्याची पद्धत बदलणार असाल तर आधी डॉक्टरांच्या कानावर घाला आणि दीड-दोन महिन्यांनी रक्त तपासा. लोह किंवा कॅल्शियम घ्यायचेच असेल तर थायरॉईडच्या गोळीनंतर चार तासांनी, म्हणजे दुपारच्या जेवणाला घ्यावे.

दुसरी वाट औषध दुकानातून जाते. ही गोळी १२.५, २५, ५०, ७५, ८८, १००, १२५ अशा अनेक ताकदीत मिळते. १०० ची मिळाली नाही म्हणून दुकानदार ५० च्या देतो आणि 'दोन घ्या' म्हणून सांगतो. तो काही चुकीचे करत नाही. पण पुढच्या महिन्यात १०० ची बाटली येते आणि सवयीने दोनच गोळ्या जात राहतात. २५ आणि १२५ यांची गफलतही होते. खुद्द कारखान्यातूनही चूक होऊ शकते. २०२३ मध्ये लेबलवर ताकदीचा आकडा चुकीचा छापला गेल्याने एका कंपनीला आपल्या गोळ्यांची एक बॅच परत मागवावी लागली होती. नवी बाटली घरी आणली की जुन्या बाटलीशेजारी ठेवून आकडा आणि गोळीचा रंग ताडून पाहावा. दर महिन्याला कंपनीही बदलत राहू नये. एका कंपनीची गोळी अंगाला बसली की तीच चालू ठेवावी.

तिसरे म्हणजे माणसाची गरजच बदलते. ज्याची ग्रंथी पूर्ण बंद पडली आहे त्याला साधारणपणे वजनाच्या दर किलोमागे १.६ मायक्रोग्रॅम, म्हणजे ६० किलोच्या माणसाला १०० च्या आसपास औषध लागते. ग्रंथी थोडेफार काम करत असेल तर त्याहून कमी पुरते. बारा-पंधरा किलो वजन उतरले, वय सत्तरीकडे झुकले, तर जुना डोस जास्त होऊ शकतो. गरोदरपणात गरज वाढते म्हणून डोस वाढवावा लागतो. बाळंतपणानंतर तो पुन्हा पूर्वीइतका खाली आणायचा असतो. पण बाळंतिणीच्या धडपडीत ते राहून जाते आणि तिची चिडचिड, जागरण, धडधड सगळे 'बाळामुळे' या नावाखाली खपून जाते. गरोदर बाईने मात्र धडधडते म्हणून गोळी स्वतःहून बंद करणे फार धोक्याचे आहे, कारण पहिल्या तीन महिन्यांत पोटातले बाळ आईच्याच थायरॉईडवर अवलंबून असते.

चौथी गोष्ट सांगायला संकोच वाटतो, पण सांगतो. काही तरुण मुली वजन उतरवण्यासाठी आईच्या किंवा मावशीच्या बाटलीतल्या गोळ्या घेतात. याने चरबीपेक्षा स्नायू झडतात आणि हृदय शिणते. 'वजन घटवण्याची खात्रीशीर पावडर' म्हणून विकल्या जाणाऱ्या मालातही काही वेळा थायरॉईडचे औषध लपवून मिसळलेले सापडले आहे.

ग्रंथीच्या कर्करोगाचे ऑपरेशन झालेल्या काही रुग्णांचा टी.एस.एच. डॉक्टर मुद्दाम खाली ठेवतात, म्हणजे उरल्यासुरल्या पेशींना वाढायला उत्तेजन मिळत नाही. मुंबईत परळला भाभा अणुसंशोधन केंद्राचे रेडिएशन मेडिसिन सेंटर १९६३ पासून थायरॉईडच्या रुग्णांवर उपचार करत आहे. आपल्या भागातूनही तेथे रुग्ण जातात. अशा रुग्णांचा रिपोर्ट इथल्या कोणी वरवर पाहून डोस कमी करू नये. तो निर्णय तिथल्याच डॉक्टरांना विचारून घ्यावा.

सगळ्याच धडधडीचा दोष गोळीला नको

टी.एस.एच. अगदी योग्य आला आणि तरीही जीव घाबराघुबरा होतो, असे रुग्ण पुष्कळ. त्यांना "तुम्हाला काही झालेलं नाही" म्हणून परत पाठवणे मला पटत नाही. काहीतरी झालेले असतेच, फक्त ते दुसरीकडे असते.

सर्वांत आधी पापणी खाली ओढून रक्त किती आहे ते मी पाहतो. बायकांमधला पांडुरोग हे धडधडीचे एक मोठे कारण आहे, आणि मासिक पाळीत अंगावरून जास्त जाणे हे थायरॉईड कमी असण्याचेही लक्षण असल्याने दोन्ही हातात हात घालून येतात. त्यानंतर चहा. रात्रपाळीत सहा-सात कप सहज होतात. त्यानंतर तंबाखू. आपल्याकडच्या कितीतरी बायका पहाटे रिकाम्या पोटी मिश्री लावतात. त्यातली निकोटीन हिरड्यांतून थेट रक्तात जाते आणि नाडी उडवते. गोळी आणि मिश्री दोन्ही पहाटेच, आणि नाव मात्र गोळीचे! मिश्री आठ दिवस बंद करून पाहा म्हटले की बाई पदर तोंडाला लावून हसतात. दम्याच्या गोळ्या, सर्दीचे नाक मोकळे करणारे औषध, पाळी जाण्याच्या वयातले गरम झटके, मधुमेहाच्या औषधाने उतरलेली साखर, या सर्वांनी हात कापतात, घाम येतो. फेटलिंग शॉपमध्ये दिवसभर ग्राइंडर धरणाऱ्यांचे हात बधिर होतात, मुंग्या येतात. त्याचे कारण यंत्राचे हादरे असू शकतात, आणि त्यावर थायरॉईडचा डोस कमी करून उपयोग नाही.

आणि कधी कधी चिंता हाच स्वतंत्र आजार असतो. मुळात थायरॉईड कमी असतानाही उदासपणा आणि धास्ती असते, आणि रक्त सुधारले तरी मन सावरायला त्यानंतर काही महिने लागू शकतात. दोहोंतला फरक ओळखायच्या काही खुणा आहेत. संप्रेरक जास्त झाले असेल तर नाडी विश्रांतीतही, अगदी झोपेतही वेगात असते. तळहात गरम आणि ओलसर लागतात. भूक चांगली असून वजन उतरते. इतरांना थंडी वाजत असताना या माणसाला पंखा लागतो. चिंतेच्या आजारात नाडी झटक्यासरशी चढते आणि मधल्या वेळेत शांत असते. तळहात थंडगार आणि घामेजलेले असतात. श्वास अपुरा पडल्यासारखे वाटून मोठमोठे उसासे येतात. या खुणा शंभर टक्के खऱ्या नव्हेत. शेवटचा निकाल रक्ताची तपासणीच देते.

ज्यांची ग्रंथी मुळातच जास्त काम करते, त्यांची गोष्ट वेगळी. त्यांना कार्बिमाझोलसारखी औषधे असतात, आणि त्यांची थरथर औषधाची नसून आजाराची असते. ती ओसरायला एक-दोन महिने लागतात. मात्र हे औषध चालू असताना ताप येऊन घसा दुखू लागला तर गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे व रक्तातील पांढऱ्या पेशी तपासाव्यात.

घरच्या घरी काय पाहावे?

सकाळी उठल्यावर, चहाच्या आणि मिश्रीच्या आधी, पाच मिनिटे पडून राहावे. मग अंगठ्याच्या बाजूला मनगटावर दुसऱ्या हाताची दोन बोटे ठेवून घड्याळाकडे पाहत पूर्ण एक मिनिट नाडी मोजावी. पंधरा सेकंद मोजून चारने गुणू नये, ठोका मधे चुकतो का ते त्यात कळत नाही. सात दिवसांचे आकडे कॅलेंडरच्या मागे लिहावेत. विश्रांतीतली नाडी रोजच ९०-१०० च्या वर असेल तर दोन-तीन दिवसांत डॉक्टरांना दाखवावे.

दुसरी परीक्षा आम्ही विद्यार्थी असताना शिकलो, ती अजूनही उपयोगी आहे. दोन्ही हात समोर सरळ धरून बोटे पसरावीत आणि बोटांवर वर्तमानपत्राचा एक कागद ठेवायला सांगावे. हाच कागद चालेल. कागदाची कड पिंपळपानासारखी सळसळू लागली तर बारीक कंप आहे असे समजावे.

ठोका अनियमित लागणे, छातीत दुखणे, बसल्या जागी दम लागणे, चक्कर येऊन पडणे यांपैकी काहीही झाले तर सात दिवसांच्या आकड्यांची वाट पाहू नये. १०८ ला फोन करून कोल्हापूरला सी.पी.आर.मध्ये किंवा जवळच्या रुग्णालयात जावे आणि ई.सी.जी. काढावा. अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावात वर्षानुवर्षे चाललेल्या पाहणीतून १९९४ मध्ये असे दिसून आले, की साठीच्या पुढे ज्यांचा टी.एस.एच. ०.१ किंवा त्याखाली होता, त्यांच्यात पुढील दहा वर्षांत हृदयाची लय बिघडण्याचे प्रमाण इतरांच्या सुमारे तिप्पट होते. अशी लय बिघडलेल्या हृदयात रक्ताची गुठळी होऊ शकते आणि ती मेंदूत गेली तर अर्धांगवायू होतो. पाळी गेलेल्या बायकांची हाडेही जास्त डोसने ठिसूळ होतात. धडधड सोसण्यासारखी वाटली तरी ती सोसत बसू नये, ते या दोन कारणांसाठी.

मग करायचे काय?

गोळी एकदम बंद करू नये. डॉक्टरांना भेटावे, आणि जाताना बाटली, चालू असलेली इतर सर्व औषधे आणि जुने रिपोर्ट पिशवीत घालून न्यावेत. 'ती पांढरी बारीक गोळी' एवढ्या वर्णनावर आम्हाला काही सांगता येत नाही. रक्त द्यायच्या दिवशी थायरॉईडची गोळी रक्त दिल्यानंतर घ्यावी. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेत असाल तर त्या निदान दोन दिवस आधी बंद ठेवाव्यात, कारण त्यांच्यामुळे काही यंत्रांवर थायरॉईड जास्त असल्याचा खोटाच रिपोर्ट येतो.

डोस जास्त ठरला तर डॉक्टर तो बहुधा १२.५ किंवा २५ ने उतरवतात. मधल्या आठवड्यांत धडधड फारच असेल तर प्रोप्रॅनोलॉलसारखी गोळी थोडे दिवस देता येते. ती दम्याच्या रुग्णाला चालत नाही, म्हणून शेजारणीला दिलेली आपण मागून घेऊ नये. झोपेच्या गोळ्या तर मुळीच मनाने घेऊ नयेत. अल्प्राझोलमची सवय लागायला वेळ लागत नाही, सुटायला लागतो.

चहा दोन कपांवर आणावा, तोही दुपारनंतर नको. उपाशी राहू नये. आठवड्याचे उपवास धडधड थांबेपर्यंत बाजूला ठेवले तर देव रागावणार नाही. घालमेल सुरू झाली की मोठा श्वास ओढण्याच्या मागे लागू नये, त्याने हातापायाला मुंग्या येऊन भीती वाढते. साधा श्वास घ्यावा आणि सोडताना तो गरम चहावर फुंकर घालावी तसा लांबवावा. पाच-दहा मिनिटांत फरक पडतो. टी.एस.एच. योग्य असूनही धास्ती महिनाभर टिकली, रोजची कामे होईनात, तर मानसोपचार तज्ज्ञांकडे जाण्यात कमीपणा नाही. त्यावर चांगली, सवय न लावणारी औषधे आहेत आणि ती थायरॉईडच्या गोळीबरोबर चालतात. मात्र ती सुरू केल्यावर काहींना थायरॉईडचा डोस थोडा बदलावा लागतो, म्हणून दोन-अडीच महिन्यांनी टी.एस.एच. पुन्हा पाहावा. सरकारची टेलिमानस ही १४४१६ क्रमांकाची मोफत सेवा ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली आहे. तेथे मराठीतूनही बोलता येते.

पाळीत काम करणाऱ्यांसाठी

"आठवड्याला पाळी बदलते, मग सकाळची गोळी कधी घ्यायची?" हा आमच्या वसाहतीतला खास प्रश्न. या औषधाला घड्याळातली वेळ कळत नाही, रिकामे पोट कळते. रात्रपाळीहून आल्यावर न्याहारीआधी तासभर थांबवत नसेल तर झोपून उठल्यावर घ्यावी. किंवा सर्वच पाळ्यांत झोपण्यापूर्वी, शेवटच्या जेवणानंतर तीन तासांनी घ्यावी. जी पद्धत ठरवाल तीच कायम ठेवावी, आणि बदलल्यावर दोन महिन्यांनी रक्त पाहावे. बाटली भट्टीजवळच्या लॉकरमध्ये, गॅसशेजारच्या फळीवर किंवा गाडीच्या डिकीत ठेवू नये. उष्णता, ऊन आणि दमट हवा यांनी या गोळीची ताकद उतरते.

गोळी चुकली तर घाबरायचे नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगेचे पाणी शिरोलीजवळ महामार्गावर आले आणि कित्येक दिवस वाहतूक बंद होती; जुलै २०२१ मध्ये पुन्हा तेच झाले. त्या दिवसांत अनेकांच्या गोळ्या संपल्या होत्या, काहींच्या पाण्यात गेल्या होत्या. पाच-सहा दिवसांच्या खंडाने फारसे काही बिघडत नाही, अंगातला साठा पुरतो. पण त्या वेळी काहींनी 'राहिलेली भरपाई' म्हणून पुढे आठवडाभर दोन-दोन गोळ्या घेतल्या आणि धडधड घेऊन दवाखान्यात आले. भरपाई करू नये. आहे तीच गोळी पुन्हा सुरू करावी. हृदयविकार असलेल्यांचा खंड महिन्याहून मोठा असेल तर मात्र आधी विचारून घ्यावे. नदीकाठच्या वाचकांनी जूनच्या सुरुवातीलाच एक बाटली जास्तीची आणून ठेवावी, आणि घर सोडायची वेळ आली तर प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून ती रेशनकार्डाबरोबरच घ्यावी.